बांबू वाहतूक परवाना (विदर्भ)

तोडलेला बांबू (२०१७ पासून केवळ जंगलातला) एका ठिकाणाहून दुसरीकडे नेण्यासाठी वनखात्याकडून घ्यावा लागणारा लेखी परवाना, बोलीत ‘टीपी’ (ट्रान्झिट पास). गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या भागांत मांडव, तट्टे, सुपे, टोपल्या यांना बांबू लागतोच. येथील प्रमुख जाती मानवेल आणि काटस.

परवान्याचा आधार भारतीय वन अधिनियम, १९२७. त्याच्या कलम ४१ ने वनोपजाच्या (कायद्याने जंगलाचे उत्पन्न मानलेल्या मालाच्या) वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार राज्य शासनाला दिला. शेतातला बांबू या नियमांत सापडला तो व्याख्यांच्या साखळीमुळे. कलम २(७) नुसार बांबू हा ‘वृक्ष’. कलम २(६) नुसार तोडलेला वृक्ष म्हणजे ‘इमारती लाकूड’. आणि कलम २(४) नुसार इमारती लाकूड कोठेही उगवलेले असो, ते वनोपजच. त्यामुळे स्वतःच्या बांधावरचे बांबूचे बेट तोडून स्वतःच्याच बैलगाडीतून नेणारा शेतकरीही नियमांच्या कक्षेत आला.

बांबू वृक्षांत कसा गेला, याबद्दल मतभेद आहेत. ही व्याख्या १८७८ च्या वन कायद्यातही आढळते; त्याआधीची स्थिती संदिग्ध आहे. वऱ्हाड निजामाच्या नाममात्र मालकीचा असल्याने तेथे १८८६ चा वेगळा वन कायदा होता, हे ‘विदर्भाचा इतिहास’ एकसंध धरताना अनेकदा विसरले जाते. बांबू गवत आहे हे तेव्हा ठाऊक नव्हते, हे स्पष्टीकरण टिकत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयसने १७५३ मध्येच त्याला बोरूच्या प्रजातीत ‘अरुंडो बांबोस’ म्हणून नोंदवले होते. कागद गिरण्यांसाठी हे झाले, हे मतही लोकप्रिय आहे. पण बांबूच्या लगद्याचा भारतातील औद्योगिक वापर विसाव्या शतकातला, म्हणजे व्याख्येनंतरचा. विकण्याजोगा सर्व माल एका महसुली कक्षेत आणण्याची सोय, हे कारण अधिक संभाव्य वाटते. गिरण्यांना दिलेल्या दीर्घ मुदतीच्या पट्ट्यांनी मात्र या व्याख्येला पुढे मोठे आर्थिक वजन आले.

परवान्यासाठी अर्जासोबत सातबारा आणि गटाचा नकाशा जोडावा लागे. वनरक्षक किंवा वनपाल बेटाची पाहणी व पंचनामा करी. परवान्यावर मालकाचे नाव, गट क्रमांक, नगांची संख्या, लांबी, मार्ग, वाहन क्रमांक आणि मुदत असे. अडचण सहसा नगांपाशी येई: लांब बांबू गाडीत मावत नाही म्हणून त्याचे दोन-तीन तुकडे केले की नाक्यावरची मोजणी कागदाशी जुळत नसे. वाहन नादुरुस्त झाल्याने मुदत संपणे, पावसाने रस्ता बंद झाल्याने ठरलेला मार्ग सोडणे, मूळ प्रत घरी राहणे, हीही माल अडण्याची नेहमीची कारणे.

वन हक्क अधिनियम, २००६ ने बांबू गौण वनोपजात, म्हणजे इमारती लाकडाव्यतिरिक्तच्या वनोपजात, घातला. तरी त्याखालील सुरुवातीच्या नियमांनी वाहतूक डोक्यावरचा भारा, सायकल व हातगाडी एवढ्यापुरती मोकळी ठेवली. मोटार वाहनाला जुनेच नियम. सायकलवर जाणाऱ्या बांबूने बुरुडाचे घर चालते, गावाचा व्यापार चालत नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळूनही परवान्याचा प्रश्न अडून राहिला. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेकडे आले. वन हक्क नियमांच्या सप्टेंबर २०१२ च्या दुरुस्तीने परवाना देण्याचे काम ग्रामसभेच्या समितीकडे गेले आणि परवान्याच्या कार्यपद्धतीमुळे विल्हेवाटीचा (म्हणजे माल नेण्या-विकण्याचा) हक्क आखडू नये, असे स्पष्ट केले गेले. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावही सामूहिक हक्कातून बांबू विकणारे गाव म्हणून ओळखले जाते.

नोव्हेंबर २०१७ च्या अध्यादेशाने, व नंतर २०१८ च्या दुरुस्ती अधिनियमाने, १९२७ च्या कायद्यातील ‘वृक्ष’ व्याख्येतून बांबू वगळला. शेतातला बांबू त्यामुळे साखळीबाहेर पडला. जंगलातून आणलेला अजूनही वनोपजच आहे. गाडीतल्या मानवेलीकडे पाहून ती जंगलातली की बांधावरची हे सांगता येत नाही, आणि वनोपजाच्या मालकीचा वाद उपस्थित झाल्यास विरुद्ध सिद्ध होईपर्यंत माल शासनाचा मानावा, हे कलम ६९ कायम आहे. म्हणून सातबाऱ्याच्या पीकपाहणीत बांबूची नोंद करून घेणे आणि वाहतुकीत तो उतारा जवळ ठेवणे शेतकऱ्याच्या हिताचे ठरते. नोंद तोडणीच्या हंगामाआधीच व्हावी. माल अडवल्यानंतर मिळवलेल्या उताऱ्याला फारसे वजन राहत नाही.