दोन दारे, एक तारीख : ब्रेक्झिटची पार्श्वभूमी

१ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटनमध्ये दोन गोष्टी एकदमच अमलात आल्या. पहिली इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकात सापडते. आयर्लंड आणि डेन्मार्कबरोबर ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात, तेव्हाच्या रोजच्या बोलण्यात 'कॉमन मार्केट'मध्ये, सामील झाला. दुसरीची आठवण फार थोडे लोक काढतात. १९७१ चा स्थलांतर कायदा त्याच दिवशी लागू झाला आणि भारत, जमैका, केनिया अशा राष्ट्रकुलातल्या देशांच्या नागरिकांना कामासाठी जाऊन तिथेच स्थायिक होण्याची जी वाट उरली होती, ती जवळजवळ बंद झाली. इटलीतल्या मजुराला जे त्या सकाळी मिळाले, ते मुंबईच्या माणसाच्या हातून त्याच सकाळी गेले.

आपल्याकडे ब्रेक्झिटची, म्हणजे ब्रिटनने युरोपीय महासंघ सोडल्याची, गोष्ट बहुधा २०१६ च्या सार्वमतापासून सांगतात. व्यापार, सार्वभौमत्व, स्थलांतर आणि 'आम्ही इंग्रज कोण' हे चार प्रश्न त्या वर्षी एकमेकांत गुंतले असे त्यातून वाटते. खरे तर त्यांची गाठ साम्राज्य आवरते घेतानाच बसली होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनपुढे तीन दिशा होत्या : अमेरिका, राष्ट्रकुल आणि युरोप. चर्चिल यांनी सप्टेंबर १९४६ मध्ये झुरिक येथे 'युरोपच्या संयुक्त संस्थानां'ची कल्पना मांडली, पण ब्रिटनला त्यांनी त्या घराचा रहिवासी न मानता बाहेरचा हितचिंतक मानले. १९५१ मध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी कोळसा-पोलादाचा समुदाय उभा केला, १९५७ मध्ये रोमचा करार केला. ब्रिटन दोन्ही वेळा बाहेर राहिला. न्यूझीलंडचे लोणी, कॅरिबियन बेटांची साखर, कॅनडाचा गहू येत असताना शेजाऱ्यांशी संसार थाटण्याची गरज लंडनला भासली नाही.

त्याच काळात दुसऱ्या दाराशीही हालचाल सुरू होती. १९४८ च्या राष्ट्रीयत्व कायद्याने वसाहतींतल्या आणि राष्ट्रकुलातल्या सगळ्यांना ब्रिटिश प्रजाजन म्हणून येण्याचा हक्क कायम ठेवला. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने कॅनडा-ऑस्ट्रेलियातले गोरे होते. पण त्याच वर्षी २२ जूनला कॅरिबियन बेटांवरून आलेल्या प्रवाशांना घेऊन 'एम्पायर विंडरश' हे जहाज टिलबरीच्या धक्क्याला लागले आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत पंजाब, सिल्हेट, मीरपूर, गुजरात येथून माणसे येत राहिली. लंडनच्या बसगाड्या, मिडलंड्समधल्या फाउंड्री, यॉर्कशायरच्या कापडगिरण्या आणि सरकारी आरोग्य सेवेची रुग्णालये त्यांच्या श्रमावर चालली. सिंधुदुर्गातल्या मालवण तालुक्यातील वराड गावचे डॉ. अशोक वराडकर १९६० च्या दशकात इंग्लंडला गेले ते याच वाटेने. हे आडनाव पुढे पुन्हा येणार आहे.

विरोध लगेच सुरू झाला. १९६२ मध्ये परवाना पद्धत आली. १९६८ मध्ये केनियातून निघालेल्या आशियाई लोकांकडे ब्रिटिश पासपोर्ट असूनही त्यांना अडवणारा कायदा संसदेने तीन दिवसांत मंजूर केला. तो करणारे सरकार मजूर पक्षाचे होते, हे विसरू नये. त्याच वर्षी २० एप्रिलला बर्मिंगहॅममध्ये हुजूर पक्षाचे एनॉक पॉवेल यांनी ते कुप्रसिद्ध भाषण केले. त्यात रक्ताने फेसाळलेल्या टायबर नदीचा दाखला देऊन त्यांनी स्थलांतरितांबद्दल भीती पेरली. पक्षनेते एडवर्ड हीथ यांनी त्यांना छाया मंत्रिमंडळातून काढले, तर लंडनच्या गोदी कामगारांनी त्यांच्या बाजूने मोर्चा काढला. हेच पॉवेल पुढे कॉमन मार्केटचे कडवे विरोधक झाले. १९७४ च्या निवडणुकीत त्यांनी आपल्याच पक्षाविरुद्ध, मजूर पक्षाला मत द्या असे सुचवले, कारण मजूर पक्ष युरोपवर लोकांचा कौल घेणार होता. पॉवेल यांच्या लेखी बाहेरून येणारी माणसे आणि बाहेरून येणारे कायदे ही एकाच दुखण्याची दोन लक्षणे होती. २०१६ मध्ये जे दिसले त्याचा साचा मला तरी इथेच पडलेला दिसतो.

युरोपच्या दारात ब्रिटनला दोनदा नकार मिळाला. पंतप्रधान मॅकमिलन यांनी १९६१ मध्ये अर्ज केला, तो फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी जानेवारी १९६३ मध्ये उधळला. इंग्लंड हे बेट आहे, समुद्राकडे तोंड करून आहे, त्याचे व्यवहार लांबच्या देशांशी बांधलेले आहेत, असे त्यांचे म्हणणे. मजूर पक्षाचे पंतप्रधान विल्सन यांच्या अर्जाचीही १९६७ मध्ये तीच गत झाली. द गॉल गेल्यावर, पंतप्रधान झालेल्या हीथ यांना प्रवेश मिळाला. पण नोव्हेंबर १९७२ मध्ये, प्रवेशाला जेमतेम सहा आठवडे राहिले असताना, नव्या स्थलांतर नियमांवर हीथ सरकार संसदेत हरले. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या आपल्या रक्ताच्या माणसांपेक्षा जर्मन-इटालियनांना जास्त हक्क का, हा त्यांच्याच खासदारांचा आक्षेप होता. त्यानंतर ज्यांचे आजी किंवा आजोबा ब्रिटनमध्ये जन्मले अशांसाठी नियम सैल झाले. भारतीय, पाकिस्तानी, कॅरिबियन माणसाला त्याचा उपयोग जवळपास शून्य होता.

१९७५ च्या जूनमध्ये पहिले सार्वमत झाले आणि ६७ टक्क्यांनी 'राहू' असे सांगितले. तेव्हा विरोधात मजूर पक्षातला डावा गट होता. टोनी बेन यांना युरोप म्हणजे भांडवलदारांचा क्लब वाटे. मार्गारेट थॅचर मात्र नऊ सदस्य देशांचे झेंडे विणलेला स्वेटर घालून राहण्याच्या बाजूने प्रचार करत होत्या. चर्चा चालली ती किराणा मालाच्या भावांची, नोकऱ्यांची आणि संसदेच्या अधिकारांची. स्थलांतराचा मुद्दा त्या प्रचारात जवळजवळ नव्हताच, कारण त्या नऊ देशांतून लोंढे येतील अशी कुणाला भीती नव्हती.

पुढच्या वीस वर्षांत बाजू उलटसुलट झाल्या. पंतप्रधान थॅचर यांनी १९८४ मध्ये युरोपला द्यायच्या वर्गणीतली सूट मिळवली, १९८६ मध्ये एकल बाजारपेठेच्या कायद्याला उत्साहाने साथ दिली आणि १९८८ मध्ये ब्रुजच्या भाषणात ब्रुसेल्समधल्या युरोपीय यंत्रणेच्या वाढत्या सत्तेवर तोफ डागली. त्याच महिन्यात युरोपीय आयोगाचे अध्यक्ष जाक देलोर ब्रिटिश कामगार संघटनांच्या अधिवेशनात टाळ्या घेत होते. डावे युरोपकडे सरकले, उजवे दूर गेले. १९९२ च्या मास्ट्रिक्ट कराराने 'युरोपीय नागरिकत्व' निर्माण केले. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला चलनांचे दर ठरावीक मर्यादेत ठेवणाऱ्या युरोपीय विनिमय दर यंत्रणेतून पौंड फेकला गेला आणि हुजूर पक्षाची अर्थकारणातली पत गेली. पुढच्या वर्षी यूके इंडिपेंडन्स पार्टी स्थापन झाली. बरीच वर्षे तिला कुणी गंभीरपणे घेतले नाही.

चित्र पालटले ते १ मे २००४ रोजी. त्या दिवशी पोलंड, लिथुआनिया, हंगेरी धरून दहा देश युरोपीय महासंघात, म्हणजे कॉमन मार्केटच्या पुढच्या रूपात, आले. जर्मनी आणि ऑस्ट्रियाने पूर्वेकडच्या कामगारांसाठी सात वर्षे दार अडवून धरले. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनी ते पहिल्या दिवसापासून उघडले. वर्षाला ५ ते १३ हजार माणसे येतील, असा अंदाज सरकारसाठी केलेल्या एका अभ्यासात होता. तो जर्मनीही दार उघडेल असे धरून केलेला होता. प्रत्यक्षात काही वर्षांतच लाखो आले. २०१५ च्या आकडेवारीत ब्रिटनमध्ये राहणाऱ्या परदेशात जन्मलेल्यांमध्ये पोलंडमध्ये जन्मलेले ८ लाख ३१ हजार होते, भारतात जन्मलेले ७ लाख ९५ हजार. पहिला क्रमांक भारताकडून पोलंडकडे गेला होता.

या माणसांनी कष्ट केले आणि कर भरले. नुसत्या आकड्यांचे भय पसरवणाऱ्यांना हे सांगितलेच पाहिजे. पण लिंकनशायरमधल्या बॉस्टनसारख्या गावाचे म्हणणेही ऐकायला हवे होते. कोबी-फ्लॉवरची शेते आणि भाजी पॅक करण्याच्या शेड असलेल्या या छोट्या गावात थोड्या वर्षांत हजारो लिथुआनियन, पोलिश, लाटव्हियन कामगार आले. घरभाडी चढली, दवाखान्यांत आणि शाळांत गर्दी झाली. २००८ च्या आर्थिक पडझडीनंतर २०१० पासून सरकारने खर्चात कपात केली, तेव्हा गावाला मदत वाढण्याऐवजी घटली. कामगार आणणाऱ्या ठेकेदारांचा आणि शेतमालकांचा फायदा झाला, ताण गावाने सोसला. दार उघडण्यापेक्षा उघडल्यावर काहीच तयारी न करणे ही मला मोठी चूक वाटते, आणि तिचा दोष ब्रुसेल्सचा नव्हे, लंडनचा होता.

२०१० मध्ये पंतप्रधान झालेल्या डेव्हिड कॅमेरॉन यांनी त्या वर्षी निव्वळ स्थलांतर (आलेले वजा गेलेले) लाखाच्या आत आणण्याचे वचन दिले. महासंघात राहून युरोपीय माणसाला अडवता येत नव्हते, त्यामुळे कात्री चालली ती बाकीच्या जगावर. शिक्षणानंतर दोन वर्षे काम करण्याची परदेशी विद्यार्थ्यांची सवलत २०१२ मध्ये गृहमंत्री थेरेसा मे यांनी काढून घेतली आणि ब्रिटनकडे वळणारे भारतीय विद्यार्थी झपाट्याने घटले. तरीही २०१५ चा आकडा सव्वातीन लाखांच्या पुढे गेला. न पाळता येणारे वचन दरवर्षी जाहीरपणे मोडत होते आणि यूके इंडिपेंडन्स पार्टीचे नेते नायजेल फराज यांना दरवर्षी नवा पुरावा मिळत होता. जानेवारी २०१३ मध्ये कॅमेरॉन यांनी सार्वमताचे आश्वासन दिले ते पक्षातली बंडाळी शमवण्यासाठी. २०१४ च्या युरोपीय निवडणुकीत फराज यांचा पक्ष ब्रिटनमध्ये पहिला आला.

सार्वमताच्या मतदार यादीत एक गोष्ट अशी होती की तिच्यात सगळा जुना इतिहास पुन्हा दिसावा. ब्रिटनमध्ये वैध राहणाऱ्या राष्ट्रकुल नागरिकांना मत होते. म्हणजे व्हिसावर आलेला भारतीय मतदान करू शकत होता. बारा वर्षे तिथे राबलेल्या पोलिश गवंड्याला मत नव्हते. गोव्यात हा फरक एकेका कुटुंबात शिरला. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते. त्या पासपोर्टवर हजारो गोवेकर ब्रिटनमध्ये, विशेषतः स्विंडन शहरात, जाऊन राहिले होते. भारतीय पासपोर्ट सोडलेल्या भावाला मत नाही, आणि तो न सोडता व्हिसावर आलेल्या भावाला मत आहे, अशी स्थिती होती. स्विंडनने जवळपास ५५ टक्क्यांनी बाहेर पडण्याचा कौल दिला.

प्रचारात हे जुने दार पुन्हा दाखवले गेले. युरोपातून येणारे घटले तर दक्षिण आशियातून स्वयंपाकी आणता येतील, करी रेस्टॉरंटे वाचतील, असे बाहेर पडण्याच्या बाजूच्या, भारतीय वंशाच्या मंत्री प्रीती पटेल सांगत होत्या. 'बाहेर पडा' म्हणणाऱ्यांच्या लाल बसवर, ब्रिटन महासंघाला 'आठवड्याला ३५ कोटी पौंड' पाठवतो, असे लिहिले होते. ब्रिटनला मिळणारी सूट त्यात वजा केलेली नव्हती आणि तो आकडा दिशाभूल करणारा असल्याचे देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणाने सांगूनही तो बसवरून उतरला नाही. १६ जूनला फराज यांनी निर्वासितांच्या रांगेचे पोस्टर लावले. त्याच दुपारी यॉर्कशायरमध्ये मजूर पक्षाच्या खासदार जो कॉक्स यांचा एका अतिउजव्या माथेफिरूने खून केला. आठवड्याने, २३ जून २०१६ रोजी, ५१.९ टक्क्यांनी 'बाहेर' म्हटले. बॉस्टनमध्ये हे प्रमाण ७५.६ टक्के होते. स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड आणि लंडन यांनी राहण्याला मत दिले.

इंग्लंडचे मन युरोपातून निघाले होते, पण आयर्लंड बेटावर, महासंघात राहणारा आयर्लंड आणि ब्रिटनचा भाग असलेला उत्तर आयर्लंड यांच्यात, सुमारे ५०० किलोमीटरची सीमा होती, आणि उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार थांबवणाऱ्या १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर तिच्यावर नाकी उरली नव्हती. प्रचारात तिचा विचार फारसा कुणी केला नाही. पुढची साडेतीन वर्षे तिनेच खाल्ली. कॅमेरॉन यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या थेरेसा मे यांचा बाहेर पडण्याचा करार १५ जानेवारी २०१९ रोजी २३० मतांनी फेटाळला गेला. इतका मोठा पराभव संसदेत कुठल्याही सरकारचा झाला नव्हता. त्या वेळी डब्लिनमध्ये पंतप्रधानपदी होते लिओ वराडकर, वराडच्या त्या डॉक्टरांचे चिरंजीव. ऑक्टोबर २०१९ मध्ये लिव्हरपूलजवळच्या एका हवेलीत मे यांच्या जागी आलेले पंतप्रधान बोरिस जॉन्सन आणि वराडकर भेटले आणि तिथून कोंडी फुटली. सीमाशुल्काची तपासणी जमिनीवर न होता समुद्रात, म्हणजे उत्तर आयर्लंड आणि बाकीच्या ब्रिटनमध्ये, होणार असे ठरले. डिसेंबरात जॉन्सन यांनी मोठे बहुमत मिळवले. त्याच महिन्याच्या अखेरीस वराडकर कुटुंबासह कोकणात वडिलांच्या गावी येऊन गेले. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडला.

मधल्या काळात, २०१८ मध्ये, विंडरश पिढीचे प्रकरण उघडकीस आले. लहानपणी कायदेशीरपणे आलेल्या, आयुष्यभर तिथे काम केलेल्या कॅरिबियन वृद्धांकडे कागद मागितले गेले, काहींच्या नोकऱ्या आणि औषधोपचार थांबवले गेले, काहींना देशाबाहेर काढले गेले. गृहमंत्री अँबर रड यांना राजीनामा द्यावा लागला. युरोपीय लोकांबद्दलच्या वादाच्या ऐन मध्यावर जुन्या प्रजाजनांची ही थकबाकी समोर आली.

संक्रमण काळ संपला आणि १ जानेवारी २०२१ पासून आयर्लंड सोडून सगळ्या जगाला गुणांवर आधारलेली एकच व्हिसा पद्धत लागू झाली. विद्यार्थ्यांची शिक्षणोत्तर कामाची सवलत त्याच वर्षी परत आली. वृद्धांची काळजी घेण्याच्या कामासाठी आणि रुग्णालयांसाठी माणसे हवी होती, ती भारत, नायजेरिया, झिम्बाब्वे येथून आली. २०२३ च्या मध्यापर्यंतच्या वर्षात निव्वळ स्थलांतर ९ लाखांवर गेले आणि येणाऱ्यांत भारतीय सर्वांत जास्त होते. स्थलांतर कमी व्हावे म्हणून बाहेर पडण्याला मत देणाऱ्यांचा संताप त्यातून नव्याने पेटला. २०२४ च्या निवडणुकीत फराज यांच्या रिफॉर्म यूके पक्षाला १४ टक्के मते मिळाली.

स्विंडनमध्ये आधीच राहणाऱ्या गोवेकरांना ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करून आपला मुक्काम पक्का करावा लागला. त्यांच्यामागून म्हापशाहून किंवा मडगावहून निघालेल्या तरुणाला मात्र पोर्तुगीज पासपोर्टवर व्हिसाशिवाय हीथ्रोवर उतरता येते, दुसऱ्या दिवशी गोदामात कामाला लागता येत नाही. आधी नोकरी देणारा मालक शोधायचा, पगाराची अट भरायची, व्हिसाचे शुल्क द्यायचे. नाशिकची परिचारिका आणि पुण्याचा अभियंता भारतीय पासपोर्ट घेऊन ज्या रांगेत उभे असतात, त्याच रांगेत आता तोही उभा आहे.