गिटार प्रोसेसर घेऊ की ऑडिओ इंटरफेस?

मल्टी-इफेक्ट्स, म्हणजे आपण दुकानात ज्याला सरळ प्रोसेसर म्हणतो तो, घ्यायचं डोक्यात आलं की लगेच कोणीतरी सांगतं, अरे त्यापेक्षा इंटरफेस घे, लॅपटॉपवर सगळे इफेक्ट फुकट मिळतात. गोंधळ होणारच, कारण दोन्हीत गिटारची केबल लागते, दोन्हींना हेडफोनचा जॅक असतो आणि यूएसबी पण असतं.

पण फरक मोठा आहे. प्रोसेसरमध्ये स्वतःची चिप असते, डिस्टॉर्शन, डिले, रिव्हर्ब असे इफेक्ट, अ‍ॅम्पचा आवाज सगळं तिथेच तयार होतं. इंटरफेस स्वतः यातलं काही करत नाही (काही महागडे सोडले तर), तो फक्त गिटारचा सिग्नल डिजिटल करून लॅपटॉपला देतो आणि परत आलेला आवाज हेडफोनमध्ये सोडतो, म्हणजे तुमचा टोन किती चांगला आणि किती पटकन ऐकू येणार हे लॅपटॉपवर अवलंबून.

हे "किती पटकन" फार महत्त्वाचं आहे. लॅपटॉप आवाजाचे बारीक तुकडे, म्हणजे सॅम्पल, थोडे साठवून मग एकदम पुढे पाठवतो, त्या साठ्याला बफर म्हणतात. सॉफ्टवेअरमध्ये बफर ५१२ सॅम्पल ठेवला तर ४४.१ किलोहर्ट्झला जाता-येता मिळून साधारण २३ मिलिसेकंद नुसते बफरमध्येच जातात, आणि फास्ट रिफ वाजवताना बोटं पुढे आणि आवाज मागे असं स्पष्ट जाणवतं. १२८ वर आणलं की तेच सहाच्या आसपास येतं, मस्त वाजतं, पण जुना लॅपटॉप असेल तर तिथे कटकट आवाज यायला लागतात. मग लोक वैतागून डायरेक्ट मॉनिटर (लॅपटॉपला वळसा घालून गिटार थेट हेडफोनमध्ये) चालू करतात, आणि त्यात कोरडी, म्हणजे बिनइफेक्टची गिटार आधी आणि इफेक्टवाली मागून अशा दोन-दोन ऐकू येतात. प्रोसेसरला यातलं काही नाही, चालू केला की वाजवा.

म्हणून माझं स्पष्ट मत, ज्याला दुसऱ्या माणसांबरोबर वाजवायचंय त्याने प्रोसेसरच घ्यावा. ठाण्याहून गर्दीची लोकल पकडून, दादरला पूल चढून वेस्टर्नने अंधेरीला जॅमला जायचं असेल तर लॅपटॉप, इंटरफेस, चार्जर हे सगळं कुठे सांभाळणार? बॉस जीटी-१ या प्रोसेसरचं वजन १.३ किलो आहे, चार पेन्सिल सेलवरही चालतो. सोसायटीच्या गणपतीत स्टेजवर चढलात तर पायाने पॅच (आधी सेव्ह केलेला टोन) बदलता येतो, माऊस शोधत बसावं लागत नाही.

फक्त एक गोष्ट नीट बघा, बरेच जण इथे अडकतात. घरी हेडफोनवर बनवलेल्या पॅचमध्ये स्पीकर कॅबिनेटचा, म्हणजे अ‍ॅम्पच्या स्पीकरच्या पेटीचा आवाज धरलेला असतो. तोच पॅच जॅमरूममधल्या गिटार अ‍ॅम्पला लावला की कॅबिनेटवर कॅबिनेट चढतं आणि टोन एकदम दबून जातो. उलट मिक्सरमध्ये थेट देताना ते कॅब बंद राहिलं तर डिस्टॉर्शन माश्या घोंघावल्यासारखं चिरकतं. तेव्हा आउटपुट सेटिंग आधी तपासा आणि मग प्रोसेसरला नावं ठेवा. साउंडवाल्याकडे एकच लाइन असेल तर केबल मोनो लिहिलेल्या जॅकमध्येच लावायची.

इंटरफेस कोणी घ्यावा? ज्याला घरीच गाणी रेकॉर्ड करायची आहेत, माइकवर गायचंय, लॅपटॉप बरा आहे. कोरडी गिटार रेकॉर्ड करून टोन नंतर हवा तेवढ्या वेळा बदलता येतो ही खरंच मोठी सोय आहे, आणि न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलरसारखं फुकट सॉफ्टवेअर इतकं छान वाजतं की त्यासाठी पैसे टाकायची गरजच वाटत नाही.

आणि एकाच डब्यात दोन्ही हवं असेल तर नुसतं यूएसबीचं भोक बघून खूश होऊ नका. जीटी-१ लॅपटॉपला जोडला की इंटरफेसचंही काम करतो, पण झूम जी१ फोर या प्रोसेसरचं यूएसबी पॅच एडिट आणि फर्मवेअरपुरतंच आहे, त्यातून रेकॉर्डिंग होत नाही. धोबी तलावला फुर्टाडोजमध्ये किंवा कुठेही जाल तेव्हा "यूएसबी ऑडिओ आहे का" असंच विचारा, आणि शक्यतो स्वतःची गिटार आणि हेडफोन घेऊन जा, दुकानातल्या भारी गिटारवर सगळेच प्रोसेसर चांगले वाटतात.