जुन्या संग्राह्य मोटारसायकलींचे मूल्यांकन

संग्रहासाठी घेतल्या जाणाऱ्या जुन्या मोटारसायकलीची रास्त किंमत ठरवताना पहिला प्रश्न असतो तो गाडी कितपत अस्सल उरली आहे हा. वय आणि दुर्मीळता यांचा विचार त्यानंतर होतो.

अस्सलपणाची तपासणी क्रमांकांपासून सुरू होते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन सिलिंडरच्या व्हिन्सेंट या ब्रिटिश मोटारसायकलीत चौकटीचा क्रमांक इंजिनाच्या क्रमांकापेक्षा १९०० ने जास्त असतो, आणि तोच चौकटीच्या पुढच्या व मागच्या दोन्ही भागांवर ठोकलेला असतो. तिच्या 'ब्लॅक शॅडो' या वेगवान मॉडेलच्या इंजिनावर 'एफ१०एबी/१बी' असते, साध्या 'रॅपिड'वर शेवटचा 'बी' नसतो. या एका अक्षरापायी किंमत बरीच वाढते, म्हणून आकडे वाचून थांबू नये. ठोकलेल्या अक्षरांची खोली सारखी आहे का, भोवतीचा धातू कानशीने घासलेला तर नाही ना, हे भिंगातून पाहावे. १९७० पूर्वीच्या हार्ले-डेव्हिडसनच्या चौकटीवर क्रमांकच नसे. तिथे सगळी भिस्त इंजिनावर.

एकाच मॉडेलमध्येही मोठी तफावत पडते. होंडा सीबी ७५० ला १९६९ मध्ये किती मागणी येईल याची कंपनीला खात्री नव्हती, त्यामुळे मोठ्या उत्पादनाचे महागडे साचे न करता पहिल्या सुमारे ७,४०० गाड्यांच्या इंजिनांची कवचे धातूच्या कायमस्वरूपी साच्यात नुसती ओतून केली गेली; 'सँडकास्ट', म्हणजे वाळूच्या साच्यातली, हे त्यांचे रूढ नाव चुकीचे आहे. त्यांचा पृष्ठभाग खरबरीत दिसतो आणि संग्राहक त्यासाठी नंतरच्या गाड्यांपेक्षा कितीतरी जास्त मोजतात.

नव्याने रंगवून चकचकीत केलेल्या गाडीपेक्षा मूळ रंगाची, थोडी विटलेली गाडी अनेकदा महाग जाते, आणि ते योग्यच आहे: उडालेला क्रोम पुन्हा चढवता येतो, कारखान्यातला रंग परत मिळत नाही. उलट संपूर्ण दुरुस्तीचा खर्च किमतीत क्वचितच वसूल होतो. विक्रेत्याने दाखवलेल्या पावत्यांची बेरीज म्हणजे रास्त भाव नव्हे.

तुलनेसाठी जाहिरातीतला भाव धरू नये, प्रत्यक्ष विक्रीचा धरावा. लिलावाच्या आकड्यात खरेदीदाराने लिलावगृहाला बोलीवर द्यायचे कमिशन धरले आहे का, हेही पाहावे लागते. २०१८ मध्ये लास व्हेगासच्या लिलावात १९५१ ची एक व्हिन्सेंट 'ब्लॅक लायटनिंग' ९,२९,००० डॉलरला गेली. पण हे मॉडेल जेमतेम तीस-पस्तीसच बनले, आणि त्या गाडीच्या नावावर ऑस्ट्रेलियातला वेगाचा विक्रम होता. त्या आकड्यावरून साध्या 'रॅपिड'चा भाव काढणे चुकीचे आहे. तिच्यासाठी त्याच मॉडेलच्या, त्याच अवस्थेतल्या गाड्यांचे अलीकडचे चार-पाच व्यवहार धरावेत आणि कागदपत्रे अपुरी असतील तर भाव खाली आणावा.