पोट स्वतःलाच का पचवत नाही?

१७७२ साली लंडनमधले शल्यविशारद जॉन हंटर यांनी रॉयल सोसायटीपुढे एक निबंध मांडला. शवविच्छेदन करताना काही मृतदेहांच्या जठराला त्यांना भलंमोठं भोक पडलेलं आढळलं होतं. कडा विरघळल्यासारख्या, आणि आतलं अर्धवट पचलेलं अन्न पोटाच्या पोकळीत सांडलेलं. हा एखादा आजार असावा आणि त्यातच माणूस गेला असावा, असा तेव्हाचा समज. हंटर यांना तो पटेना, कारण यातली काही माणसं चांगली धडधाकट होती. जेवणानंतर थोड्याच वेळात एखादा जबर घाव बसून जागीच गेली होती. भोक मृत्यूनंतर पडलं आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अन्न पचवता पचवता जठररसाने जठरालाच पचवायला घेतलं होतं.

मग जिवंतपणी असं का होत नाही? जठराची भिंतही स्नायूंचीच, प्रथिनांचीच बनलेली. खाल्लेलं मांस जो रस दोन-चार तासांत पातळ करून टाकतो, त्याने ही भिंत सोडून द्यावी असं तिच्यात काय आहे? जिवंत शरीरातली प्राणशक्तीच तिला वाचवते, असं हंटर यांचं उत्तर होतं. पुढच्या शतकात फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी ते खोडून काढलं. कुत्र्याच्या जठरात बाहेरून छिद्र करून त्यातून त्यांनी जिवंत बेडकाचे पाय आत सोडले. बेडूक जिवंत असतानाच त्याचे पाय पचले. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्यातून एक गोष्ट पक्की झाली. जिवंत असणं पुरेसं नाही, जठराकडे स्वतःचा असा काहीतरी बंदोबस्त आहे.

पचनसंस्था समजून घ्यायची तर मला हाच प्रश्न सगळ्यात कामाचा वाटतो. अन्न तोंडातून जातं, जठरात घुसळलं जातं, आतड्यात शोषलं जातं, एवढं शाळेत शिकवलेलं असतं. पण हे सगळं घडतं ते मांसाच्याच एका लांबलचक नळीत, आणि त्या नळीला धक्का न लागता. खरी करामत तिथे आहे.

तोंडात फारसा धोका नाही. लाळेतलं अमायलेज हे विकर (एन्झाइम) पिष्टमय पदार्थांना हात घालतं, प्रथिनांना नाही. घास गिळला की अन्ननलिकेचे स्नायू एकामागून एक आकुंचन पावत त्याला खाली ढकलतात आणि काही सेकंदांतच तो जठराशी पोहोचतो.

जठरात मात्र कारभार वेगळा. तिथल्या रसाचा सामू (पीएच; आकडा जितका कमी, तितकं आम्ल तीव्र) १.५ ते २ पर्यंत खाली उतरतो, म्हणजे रक्ताच्या तुलनेत तो लाखो पटींनी आम्लधर्मी. हे आम्ल हायड्रोक्लोरिक. प्रथिनांची घट्ट घडी उलगडणं आणि अन्नाबरोबर आलेले बहुतेक जंतू मारणं ही त्याची कामं. प्रथिनांचे तुकडे पाडतं ते पेप्सिन. आणि पहिला बंदोबस्त इथेच दिसतो: जठराच्या पेशी पेप्सिन कधीच तयार स्वरूपात बनवत नाहीत. त्या बनवतात पेप्सिनोजेन. त्याच्या रेणूचा एक भाग त्याच्याच धारेवर झाकणासारखा बसलेला असतो. पेशीतून बाहेर पडून आम्लात मिसळल्यावरच हा भाग तुटतो आणि पेप्सिन कामाला लागतं. ज्या पेशीत ते बनतं, तिथे ते निरुपद्रवी असतं.

भिंतीचं रक्षण करतो तो श्लेष्म, म्हणजे एक चिकट, बुळबुळीत थर. त्याची जाडी एक मिलिमीटरही नसते. नुसत्या चिकटपणाने आम्ल थोपवलं जात नाही. भिंतीच्या पेशी या थरात सतत बायकार्बोनेट सोडत राहतात. आम्ल आत झिरपू लागलं की वाटेतच त्याचा जोर संपतो. त्यामुळे थराच्या वरच्या बाजूला सामू २ असला, तरी खाली पेशींना टेकलेल्या भागात तो ७ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ पाण्याइतका सौम्य असतो. यातलं मला फार आवडणारं बारकाव्याचं काम असं: आम्ल तयार करताना पेशींच्या दुसऱ्या बाजूने तितकंच बायकार्बोनेट रक्तात उतरतं, आणि तेच रक्त तिथून वर, भिंतीच्या पृष्ठभागाकडे जातं. जेवढं आम्ल जास्त, तेवढाच त्यावरचा उतारा जास्त, आणि तोही जागच्या जागी.

एवढं करूनही पेशी झिजतातच. म्हणून जठराचं आतलं अस्तर दर काही दिवसांनी नवं होतं.

अन्ननलिकेला असा भक्कम थर नाही. जठराच्या तोंडाशी असलेला झडपेसारखा स्नायू ढिला पडला आणि आम्ल वर आलं, की छातीत जळजळते. आपण ज्याला सरसकट ‘ॲसिडिटी’ म्हणतो, त्यात बहुतेक वेळा आम्ल जास्त झालेलं नसतं; ते नको तिथे पोहोचलेलं असतं.

बंदोबस्त ढासळला तर काय होतं, हे अल्सर दाखवतो. ताणतणाव आणि तिखट खाणं यांवर त्याचं खापर कित्येक वर्षं फोडलं गेलं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी जठरात राहणारा एक जिवाणू याला जबाबदार धरला, तेव्हा फारसं कुणी मानलं नाही. १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जिवाणूंचं द्रावण स्वतः पिऊन पाहिलं आणि त्यांच्या जठराला सूज आली. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा तो जिवाणू. स्वतःभोवती अमोनिया तयार करून तो आम्लातून वाट काढतो आणि श्लेष्माच्या थरात ठाण मांडतो. २००५ चं नोबेल पारितोषिक या दोघांना मिळालं.

अल्सरचं दुसरं मोठं कारण घराघरात असतं: ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या. जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं, की ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन हे द्रव्य तयार होऊ देत नाही. त्यामुळे वेदना शमते. पण श्लेष्म आणि बायकार्बोनेट पाझरत ठेवण्याचं कामही याच द्रव्याकडे असतं. म्हणून ‘जेवणानंतर गोळी घेतली की पोटाला काही होत नाही’ हा समज धोक्याचा आहे. हेच औषध इंजेक्शनने दिलं तरी जठराला इजा होऊ शकते, कारण ते रक्तातून तिथे पोहोचतंच.

जठरातून अन्न पुढे सोडलं जातं तेही थोडं थोडं करून, कारण लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला एवढं आम्ल झेपणारं नसतं. ते निष्प्रभ कसं होतं, याचा शोध विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांना १९०२ च्या जानेवारीत लागला. त्यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाचे सगळे मज्जातंतू तोडले आणि तिथे आम्ल सोडलं. तरीही स्वादुपिंडातून रस वाहू लागला. मज्जातंतू नाहीत, मग निरोप गेला कसा? त्यांनी आतड्याचं अस्तर खरवडलं, आम्लात घोटलं, गाळलं आणि तो अर्क शिरेत टोचला. थोड्याच वेळात स्वादुपिंड पुन्हा पाझरू लागलं. निरोप रक्तातून जात होता. त्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन नाव दिलं, आणि संप्रेरकांच्या आधुनिक अभ्यासाची सुरुवात तिथून झाली. आम्ल आतड्याला लागलं की सिक्रेटिन रक्तात उतरतं आणि स्वादुपिंड बायकार्बोनेटने भरलेला रस सोडतं.

या रसात प्रथिनं, पिष्टमय पदार्थ आणि चरबी या तिन्हींना फोडणारी विकरं असतात. जठर काढून टाकल्यावरही माणूस जगू शकतो. बरंचसं पचन इथे, लहान आतड्यात होतं. स्वादुपिंडाच्या रसातलं ट्रिप्सिन सगळ्यात घातक, कारण ते बाकीच्या अनेक विकरांनाही जागं करतं. तेही ट्रिप्सिनोजेन या निद्रिस्त रूपात निघतं. त्याला जागं करणारं विकर स्वादुपिंडात नसतंच, ते असतं आतड्याच्या भिंतीवर. म्हणजे हत्यार एकीकडे आणि त्याची किल्ली दुसरीकडे. शिवाय चुकून थोडं ट्रिप्सिन आधीच जागं झालं, तर त्याला पकडून ठेवणारं द्रव्यही स्वादुपिंड सोबत भरून ठेवतं. पित्ताशयातला खडा घसरून वाट अडली किंवा दारूचा अतिरेक झाला, की कधीकधी हे सगळं कोलमडतं आणि स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागतं. तीव्र स्वादुपिंडदाहाची वेदना ज्याने सोसली आहे, त्याला हा बंदोबस्त किती मोलाचा हे सांगावं लागत नाही.

पित्तरस विकर नव्हे. तो चरबीचे बारीक थेंब करतो, म्हणजे विकरांना काम करायला जागा मिळते. पुढे शोषणाचं काम रसांकुरांचं. लहान आतड्याच्या अस्तरावरचे हे उंचवटे जेमतेम मिलिमीटरभर उंच, आणि त्यांच्या पेशींवर आणखी सूक्ष्म उंचवटे. या पृष्ठभागाची तुलना टेनिसच्या मैदानाशी केलेली अजूनही वाचायला मिळते. २०१४ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी नव्याने मोजमाप केलं, तेव्हा संपूर्ण अन्नमार्गाचं क्षेत्रफळ ३० ते ४० चौरस मीटर भरलं. मैदानाच्या मानाने हे फारच कमी, पण पोटात मावण्याच्या दृष्टीने तेही थक्क करणारं आहे.

रसांकुरांच्या पेशीही तीन ते पाच दिवसांत टोकाशी येऊन गळून पडतात. त्या जातात कुठे? आतड्यातच पचतात. काम संपलेली विकरंही पचतात, आणि त्यांच्यातली अमिनो आम्लं पुन्हा शोषली जातात. पाण्याचंही तसंच. लाळ, जठररस, पित्तरस वगैरे मिळून शरीर रोज साधारण ७ लिटर द्रव या नळीत ओततं आणि जवळजवळ सगळा परत घेतं. म्हणजे शीर्षकातल्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर असं, की आपलं पोट स्वतःला पचवतंच. रोज थोडं थोडं, आणि पचवलेल्यातून पुन्हा उभं राहत.

उरलेलं मोठ्या आतड्यात येतं. इथे धोका विकरांचा नसून गर्दीचा: शरीरातल्या अंदाजे ३८ लाख कोटी जिवाणूंपैकी बहुतेक इथेच राहतात. त्यांच्यासाठी श्लेष्माचे दोन थर असतात. बाहेरच्या सैल थरात जिवाणू वावरतात, आतला घट्ट थर त्यांना भिंतीपर्यंत येऊ देत नाही. आपल्याला न पचलेले तंतुमय पदार्थ हे त्यांचं मुख्य अन्न. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या एका अभ्यासात तंतुमय अन्न बंद केल्यावर काही जिवाणू श्लेष्माच खाऊ लागले आणि थर पातळ झाला. तंतू मिळत राहिले, तर ते आंबवताना हेच जिवाणू ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. मोठ्या आतड्याच्या भिंतीतल्या पेशी आपली बहुतांश ऊर्जा त्यातूनच मिळवतात.