मुलांनी मांडलेला शाळेचा अंक: छपाईला देण्याआधी कसा पारखावा

हे माहितीपत्रक शाळेच्या वार्षिक अंकाचं काम पाहणाऱ्या शिक्षकांसाठी आणि विद्यार्थी संपादक मंडळांसाठी आहे. अंकाची मांडणी मुलांनी केलेली असली की बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट होते. "मुलांनी केलंय, छानच आहे" म्हणून फाइल जशीच्या तशी छापखान्यात येते, नाहीतर शेवटच्या रात्री कुणी मोठं माणूस बसून सगळी मांडणी बदलून टाकतं. दोन्हींत मुलांच्या हाती काही लागत नाही. छापखाना म्हणून आमचा आग्रह असा की मांडणीतला प्रत्येक निर्णय कागदावर, खऱ्या आकारात पाहावा आणि मुलांना विचारावं, "हे असं का केलंत?" उत्तर पटलं तर निर्णय त्यांचा. छपाईत बिघडणार असेल तर मात्र कारण सांगून त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्यावा.

आधी डमी, मग मत

मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर पाहून मत देऊ नका. पडद्यावर पान मोठं करता येतं, त्यामुळे ८ पॉइंटचा मजकूरही वाचता येतो. शाळेतल्या साध्या प्रिंटरवर सगळी पानं पाठपोट काढा. प्रिंट देताना "फिट टू पेज" बंद करून १०० टक्के निवडा, नाहीतर अक्षर लहान होऊन येईल आणि तुम्ही भलत्याच अंकाची परीक्षा कराल. पानं क्रमाने लावून कडेला पिना मारा.

ही डमी अंकाच्या कामात नसलेल्या तिघांना द्या: पाचवीतलं एखादं मूल, एक पालक आणि दुसऱ्या विषयाचे एक शिक्षक. "कसा वाटला?" असं विचारू नका, सगळे छानच म्हणतील. काम द्या. "तुझ्या वर्गाचं पान शोध." "ही कविता कुणाची, कितवीतल्या मुलाची?" "हा लेख इथेच संपला की पुढच्या पानावर जातो?" वाचणारा कुठे अडखळतो, कुठे पान उलटून परत मागे येतो, ते पेन्सिलीने डमीवरच टिपा. असं अर्ध्या तासाचं निरीक्षण मंडळाच्या दोन बैठकांपेक्षा जास्त सांगून जातं.

मग डमी हातभर लांब धरून डोळे किलकिले करा. प्रत्येक पानावर सर्वांत आधी काय दिसतं? मथळा किंवा चित्र दिसत असेल तर ठीक. आधी चौकट, वेलबुट्टी किंवा मागची रंगीत छटा दिसत असेल, तर ती सजावट मजकुराच्या वाटेत आली आहे.

पानांचा आणि आकाराचा हिशेब

मुलं मांडणी सुरू करतात तेव्हा संगणक समोर ए-फोर आकार ठेवतो आणि तोच कायम राहतो. आपल्याकडे २३ × ३६ इंची कागद सर्रास वापरला जातो. त्याच्या एका बाजूला ८ पानं बसवली तर प्रत्येक पानाला ९ × ११.५ इंच जागा मिळते. ए-फोरची उंची जवळजवळ ११.७ इंच. म्हणजे तो बसतच नाही, मोठा कागद घ्यावा लागतो आणि कापून टाकायचा भाग वाढतो. कापल्यावर ८.२५ × १०.७५ इंच ठेवलं तर सोळा पानांचा फॉर्म, म्हणजे एकाच मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना मिळून छापली जाणारी सोळा पानं, नीट निघतो. हा निर्णय पहिल्याच दिवशी घ्यावा. शेवटी आकार बदलला की सगळ्या ओळी आणि चौकटी सरकतात.

पानं ४ च्या पटीत असलीच पाहिजेत, आणि १६ च्या पटीत असतील तर उत्तम. मुखपृष्ठाची ४ पानं वेगळी. ४८ पानं म्हणजे तीन पूर्ण फॉर्म. ५२ केलीत की उरलेल्या ४ पानांसाठी वेगळ्या प्लेट आणि वेगळी छपाई. अशा वेळी प्रायोजकांच्या जाहिरातींची जुळणी करून ४८ मध्ये बसवा किंवा सरळ ५६ करा.

सगळ्यांत महाग पडणारी चूक रंगीत पानांच्या जागेत असते. सेंटर पिनच्या, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारलेल्या, ४८ पानी अंकात फॉर्म एकात एक घातलेले असतात. बाहेरच्या फॉर्मवर १ ते ८ आणि ४१ ते ४८ ही पानं, मधल्यावर ९ ते १६ आणि ३३ ते ४०, आतल्यावर १७ ते ३२. मुलांनी रंगीत चित्रं १२, २३ आणि ४५ या पानांवर ठेवली तर तिन्ही फॉर्म चार रंगांत छापावे लागतात. तीच चित्रं १७ ते ३२ मध्ये आणली तर एकच फॉर्म रंगीत होतो आणि अंकाच्या मधोमध चित्रदालनही तयार होतं. हा तक्ता मुलांना फळ्यावर काढून दाखवा. कागदाची घडी घालून पानांवर आकडे टाकायला लावले तर सातवीतल्या मुलांनाही पटकन उमगतं.

सेंटर पिन ८० पानांपर्यंत ठीक. त्याच्या आसपास आतली पानं घडीच्या जाडीमुळे साधारण २ मिलिमीटर बाहेर येतात आणि कटिंगमध्ये तेवढी जातात. म्हणून पानाचा क्रमांक कडेपासून किमान १० मिलिमीटर आत हवा.

देवनागरी मजकूर: सर्वांत जास्त वेळ इथे द्या

मांडणीची पुस्तकं आणि व्हिडिओ बहुतेक इंग्रजी अक्षरं समोर ठेवून केलेले असतात. त्यातले आकडे मराठीला तसेच लावले की मजकूर गुदमरतो. आपल्या अक्षराला वर वेलांट्या, मात्रा, रफार असतात आणि खाली उकार, ऋकार. त्यामुळे १२ पॉइंट अक्षराला दोन ओळींतलं अंतर १७ ते १८ पॉइंट हवं. इंग्रजीसाठी ठीक असलेलं १४.५ ठेवलं तर "कुटुंबा"तला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला भिडतो. पहिली ते चौथीच्या मुलांनी वाचायच्या पानांवर अक्षर १४ पॉइंट घ्या. टाइप (फॉन्ट) बदलला की त्याच पॉइंटमध्ये अक्षर लहानमोठं दिसतं, म्हणून आकड्यावर विसंबू नका. छापलेला "क" पाठ्यपुस्तकातल्या "क"शेजारी ठेवून पाहा.

ओळीची लांबी हा दुसरा मुद्दा. ८.२५ इंच रुंद पानावर एकाच स्तंभात लेख घातला तर ओळ इतकी लांब होते की पुढची ओळ शोधताना डोळा चुकतो. दोन स्तंभ करा, पण मग दोन्ही कडा सरळ करण्याचा मोह टाळा. मराठी शब्द प्रत्यय लागून लांब होतात. "विद्यार्थ्यांसाठीसुद्धा" असा एक शब्द अरुंद स्तंभात आला की आधीच्या ओळीत शब्दांमध्ये मोठी भगदाडं पडतात. डावी कड सरळ आणि उजवी मोकळी ठेवा. मोकळी कड गबाळी दिसते असं काही शिक्षकांना वाटतं. छापलेली दोन्ही पानं शेजारी ठेवली की शंका राहत नाही.

अक्षरांमधलं अंतर वाढवून मथळा "पसरवणं" मुलांना आवडतं. इंग्रजीत ते चालतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. मथळा मोठा हवा तर अक्षर मोठं करा.

एका अंकात दोन टाइप पुरेत: एक मजकुरासाठी, एक मथळ्यांसाठी. मंगल हा टाइप र. कृ. जोशी यांनी संगणकाच्या पडद्यासाठी घडवला आणि तिथे तो उत्तम काम करतो. पण छापील लेखासाठी छपाईला साजेसा टाइप निवडावा. मुंबईच्या "एक टाइप" या संस्थेने घडवलेला "मुक्त" हा टाइप मोफत मिळतो आणि त्याची सात वजनं, म्हणजे बारीक ते ठळक असे जाडीचे प्रकार, आहेत, त्यामुळे मजकूर, उपमथळा आणि फोटोओळ एकाच कुटुंबात बसतात. "बलू" हा टाइप मथळ्याला गोड दिसतो, लेखाला जड पडतो. तिरो देवनागरी मराठी लांब लेखाला फार चांगला, पण त्यात ठळक वजन नाही. ठळकचं बटण दाबलं की संगणक कडा फुगवून खोटं ठळक अक्षर करतो आणि छपाईत "ष", "ध"च्या पोकळ्या भरतात. याच शहरात निर्णयसागर छापखान्यात जावजी दादाजींनी देवनागरी खिळ्यांवर (धातूच्या अक्षरांवर) मोठी मेहनत घेतली. मुलांना ते जरूर सांगा.

ल आणि श मराठी वळणाचेच हवेत: पाकळीचा ल, देठाचा श. अनेक टाइपांत ही वळणं आत असतात, पण मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय लागत नाहीत. एका लेखात मराठी ल आणि शेजारच्या लेखात हिंदी ल असेल तर अंक दोन जागी टाइप झाल्याचं लगेच कळतं.

जुन्या श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या टाइपांतून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात ठरावीक अक्षरं बिघडतात. ही ओळ प्रत्येक फाइलमध्ये, प्रत्येक टाइपात छापून पाहा: सुऱ्या, दऱ्या, सूर्या, ॲप, ऑफिस, उद्योग, श्रद्धा, ब्रह्म, कृतज्ञ, दृष्टी, वाङ्मय, ट्रक. "सुऱ्या"चा "सुर्या" झाला, रफार पुढच्या अक्षरावर सरकला किंवा ॲच्या जागी ठिपक्यांचं वर्तुळ आलं, तर मजकूर पुन्हा टाइप करणंच कमी वेळाचं. मांडणीच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे पडत असेल तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये "वर्ल्ड-रेडी कम्पोजर" निवडा.

फोटो आणि चित्रं

छपाईला दर इंचाला ३०० पिक्सेल हवेत. ७ इंच रुंद फोटो म्हणजे २१०० पिक्सेल. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो. १६०० पिक्सेलचा फोटो ५ इंचांपर्यंत नीट छापतो, त्यापुढे फुटू लागतो. फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा किंवा ड्राइव्हवर मूळ फाइल मागा.

मुलांनी एका पानावर १२ फोटो बसवले असतील तर विचारा: यातला चेहरा ओळखू येतो का? छापील फोटोत चेहरा ६ मिलिमीटरपेक्षा लहान झाला की पालकाला आपलं मूल सापडत नाही. क्रीडादिनाचे १२ बारके फोटो ठेवण्यापेक्षा ३ मोठे ठेवा. वगळलेल्यांचं वाईट वाटतं हे खरं, पण त्यावर उपाय म्हणजे पुढच्या पानावर दुसऱ्या मुलांना मोठी जागा. प्रत्येक फोटोखाली फोटोओळ हवी, नावं "डावीकडून" या क्रमाने. मुलांचे फोटो छापायला पालकांची लेखी परवानगी घ्या. पत्ता आणि फोन नंबर कुठेही येऊ देऊ नका.

मुलांची चित्रं मोबाइलने टिपू नका. ट्यूबलाइटखाली कागद पिवळा येतो आणि हाताची सावली पडते. स्कॅनरवर मूळ आकारात ३०० ला स्कॅन करा. पेन्सिलचित्रात कागद राखाडी येतो. तो उजळवून पांढरा करा, पण रेषा पुसट होण्याआधी थांबा.

इंटरनेटवरून उतरवलेली सजावटीची चित्रं आम्ही काढायलाच सांगतो. ती बहुधा लहान असतात, हक्क दुसऱ्याचे असतात, आणि मुलाने भेंडी कापून घेतलेला ठसा त्या जागी शंभरपट शोभतो.

रंग

काळा मजकूर फक्त काळ्या शाईत हवा. कॅनव्हा किंवा वर्डमधल्या फाइलमध्ये काळा बहुधा चार शाया मिसळून येतो. प्लेट केसभर सरकली की अक्षराला लाल-निळी झालर दिसते आणि वाचताना डोळे दुखतात. फाइल देताना हे आम्हाला सांगा, आमच्याकडे बदलून घेता येतं. पडद्यावरचा चमकदार पोपटी आणि निळा कागदावर मंद होतो, तो दोष छपाईचा नसतो. गडद पार्श्वभूमीवर पांढरा मजकूर फक्त मथळ्याला, तोही ठळक आणि १४ पॉइंटच्या वर. एकरंगी पानावर लाल आणि हिरवा सारखेच राखाडी दिसतात, म्हणून तिथले तक्ते रंगाऐवजी रेघांनी आणि ठिपक्यांनी वेगळे करा.

मुखपृष्ठ आणि कागद

आत ८० जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) मॅपलिथो, म्हणजे साधा, चकाकी नसलेला कागद. ७० घेतला तर मागच्या पानावरचं गडद चित्र पुढे झिरपून दिसतं. रंगीत फॉर्मला ९० किंवा १३० चा आर्ट पेपर. मुखपृष्ठाला २५० ते ३०० जीएसएम आर्ट कार्ड, क्रीझिंग करून, म्हणजे घडीच्या जागी आधी खाच दाबून. घडीवर गडद रंगाचा पट्टा असेल तर तिथे शाई फुटून पांढरी रेघ येते, लॅमिनेशन केलं की ती टळते. कडेपर्यंत जाणारं चित्र चारही बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर हवं. नेमकं कडेवर थांबवलं तर कटिंगमध्ये पांढरी फट राहते.

काय मुलांवरच सोडावं

अंकाचं नाव, हस्ताक्षरातले मथळे, विभागांचा क्रम, मुखपृष्ठावरचं चित्र, कोणती कविता पानभर द्यायची. इथे आपली आवड मध्ये आणू नका. एखादा मथळा तिरका असेल आणि संपादक मंडळ म्हणत असेल की लेख भूकंपावर आहे म्हणून तिरका, तर ते कारण पुरेसं आहे. तोच तिरकेपणा अकरा मथळ्यांत आला तर मग विचारा.

वेळ

स्नेहसंमेलन डिसेंबर-जानेवारीत असतं. दिवाळीआधी छापखाने दिवाळी अंकांत गुंतलेले असतात, डिसेंबरात दिनदर्शिका आणि डायऱ्यांत. त्यामुळे पहिली डमी दसऱ्याच्या सुमारास आणि अंतिम फाइल दिवाळीची सुट्टी संपताच द्यावी. पावसाळ्यात अंक काढायचा असेल तर एक आठवडा जास्त धरा. दमट हवेत आर्ट पेपरवरची शाई उशिरा वाळते आणि ओल्या शाईवर लॅमिनेशन केलं तर फुगे येतात.

फाइल पीडीएफमध्ये, टाइप आत जोडलेले, एकेक पान सुटं. दोन पानं जोडून पाठवू नका, फॉर्मची मांडणी आम्ही करतो. सोबत मूळ फाइल आणि फोटोंचा फोल्डर. शेवटच्या प्रूफवर संपादक मंडळातल्या एका मुलाची आणि एका शिक्षकांची, प्रत्येक पानावर सही घ्या. नावं मोठ्याने वाचून तपासा: एकाने हजेरीपटातून वाचायचं, दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवायचं.