180 मतदान केंद्रांची 5 केली तर काय होतं

7 एप्रिल 2020 ला अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहरात महापौरपदाची निवडणूक होती, जोडीला विस्कॉन्सिन राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशाची (हो, तिकडे न्यायाधीशपण मतं मागतात) आणि अध्यक्षपदाची प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक). कोरोना नुकताच पसरायला लागलेला. शहरात एरवी 180 मतदान केंद्रं असतात, त्या दिवशी उघडली फक्त 5. आपल्याकडे शिक्षकांना इलेक्शन ड्युटीची ऑर्डर निघते आणि नाही म्हणायची सोय नसते, तिकडे मात्र स्वतःहून नाव देणारे लोक लागतात, त्यात बरेच वयस्कर, ते आजाराच्या भीतीने येईनात. 1400 च्या आसपास माणसं लागणार होती, 400 सुद्धा जमली नाहीत. गव्हर्नरने (तिकडचा निवडून आलेला राज्यप्रमुख, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा) आदल्या दिवशी निवडणूक पुढे ढकलली, राज्याच्या कोर्टाने तो आदेश त्याच दिवशी रद्द केला. मग काय, पाच हायस्कूल आणि बाहेर अंतर ठेवून उभ्या राहिलेल्या लांबच लांब रांगा, काहींचे दोन तासांच्या वर गेले.

आता मतदान घटलं हे तर दिसतंच, पण ते केंद्रं कमी केली म्हणून घटलं की कोरोनामुळे लोक तसेही घरीच बसणार होते? हे वेगळं कसं काढायचं? केविन मॉरिस आणि पीटर मिलर या दोन अभ्यासकांनी यासाठी शहराची हद्द वापरली. हद्दीच्या अलीकडे मिल्वॉकी, पलीकडे उपनगरं. कोरोना दोन्हीकडे सारखाच, निवडणुकीचा दिवस तोच, फक्त उपनगरांत केंद्रांची अशी कत्तल झाली नव्हती. मग शहरातल्या मतदाराला पलीकडचा त्याच्यासारखाच मतदार जोडीला लावायचा, म्हणजे वय, वंश, आधी मतदान केलं होतं का वगैरे जुळणारा, आणि दोघांतला फरक बघायचा. केंद्रं बंद झाल्यामुळे मतदान साधारण साडेआठ पर्सेंटेज पॉइंटने (म्हणजे शंभर मतदारांमागे साडेआठने) घटलं आणि काळ्या मतदारांत तर दहाच्या आसपास. पोस्टाने मत द्यायची सोय होती तरीही एवढं.

बरं, ही झाली साथीतली टोकाची केस. शांत काळातलं उदाहरण लॉस एंजेलिस काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) आहे. 2003 मध्ये गव्हर्नरला मुदतीआधीच पदावरून हटवायचं का हे ठरवणारी निवडणूक अचानक लागली, वेळ कमी, म्हणून काउंटीने 5,231 प्रीसिंक्टची (म्हणजे एकेका केंद्राला जोडलेल्या मतदार विभागांची) 1,885 केली. हेन्री ब्रेडी आणि जॉन मॅकनल्टी यांनी त्याचा हिशोब मांडला. केंद्रावर जाऊन केलेलं मतदान 3.03 पॉइंटने घटलं, पोस्टाचं 1.18 ने वाढलं, म्हणजे निव्वळ तोटा 1.85 पॉइंट. मला यातला सगळ्यात भारी भाग वाटतो तो कारणांचा, कारण तोटा नुसता अंतराचा नव्हता. ज्यांचं केंद्र बदललं पण अंतर फारसं वाढलं नाही त्यांच्यातपण मतदान घटलं, कारण "यावेळी कुठे जायचंय?" हे शोधणं हाच एक खर्च आहे. दरवेळी त्याच शाळेत पाय आपोआप वळतात, एकदा पत्ता बदलला की विचार करावा लागतो आणि विचार करायला लागला की माणूस टाळतो.

अंतर म्हणजे तरी किती? एन्रिको कँटोनी या अर्थतज्ज्ञाने मॅसॅच्युसेट्स आणि मिनेसोटामधल्या नऊ गावा-शहरांत शेजारशेजारची घरं घेतली, प्रीसिंक्टची रेघ मधून गेल्यामुळे एकाचं केंद्र जवळ आणि दुसऱ्याचं लांब. अंतर 0.245 मैलाने, म्हणजे जेमतेम 400 मीटरने वाढलं की पडणारी मतं 2 ते 5 टक्क्यांनी कमी. 400 मीटर हो! आणि अध्यक्षीय नसलेल्या निवडणुकांत, म्हणजे महापालिका वगैरे, वंशाने अल्पसंख्याक लोक जास्त असलेल्या वस्त्यांत हा परिणाम ते कमी असलेल्या वस्त्यांच्या तिप्पट. अध्यक्ष निवडायचा असेल तर लोक कसेही पोचतात, नगरसेवकासाठी कोण एवढी पायपीट करणार. आपल्याकडे केंद्र 2 किलोमीटरच्या आत असावं असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे, पण हे आकडे बघितले की 2 किलोमीटर शहरात जरा जास्तच वाटतात.

रांगेचं गणित तर अजून वेगळं. समजा एक टेबल तासाला सरासरी 60 लोक उरकतं. तासाला 48 लोक आले तर सरासरी थांबावं लागतं 4 मिनिटं. तेच 57 आले, म्हणजे गर्दी वीस टक्क्यांनीही वाढली नाही, तर थांबणं होतं 19 मिनिटं! कारण लोक ठरलेल्या अंतराने येत नाहीत, घोळक्याने येतात, आणि टेबलाला मागचं उरकायला मोकळा वेळच मिळत नाही. 60 च्या वर गेलात की रांग दिवसभर वाढतच जाते.

पण केंद्रं कमी केली की मतदान घटणारच असंही नाही. कोलोरॅडोच्या लॅरिमर काउंटीने 2003 मध्ये 143 प्रीसिंक्टच्या जागी 22 मोठी सेंटर्स केली आणि नियम बदलला, काउंटीतल्या कुणीही कुठल्याही सेंटरवर जावं, ऑफिसजवळ असो की मुलांच्या शाळेजवळ. तिथे मतदान वाढल्याचं दिसलं, विशेषतः एरवी क्वचित मत देणाऱ्यांचं. टेबलं पुरेशी असतील तर एकत्र रांग फायद्याचीच, एक टेबल रिकामं आणि शेजारचं तुंबलेलं असं होत नाही. फक्त त्यासाठी कुणी कुठे मत दिलं हे सगळ्या सेंटरना लगेच कळायला हवं, नाहीतर एकच माणूस दोनदा मत देईल.

हीच आयडिया लॉस एंजेलिसने मार्च 2020 च्या प्रायमरीत मोठ्या प्रमाणावर केली, हजारो केंद्रांच्या जागी हजाराहून कमी सेंटर्स, मतदार यादी टॅबलेटवर. त्या दिवशी टॅबलेटची जोडणी बऱ्याच ठिकाणी रखडली, नाव तपासण्यातच वेळ जायला लागला आणि मत द्यायची नवीकोरी मशीन्स रिकामी असताना लोक दाराशी तास-दोन तास थांबले.