ट्रेड कार्डांवरचे पौर्वात्य जग: दगड, टिंबे आणि रिकामी जागा

1870 ते 1900 या काळात अमेरिकेतले आणि युरोपातले दुकानदार साबण, कॉफी, दोरा, औषधे यांच्याबरोबर रंगीत ट्रेड कार्डे, म्हणजे जाहिरातीची छोटी चित्रकार्डे, फुकट वाटत. पंखा धरलेली जपानी बाई, लांब वेणीचा चिनी माणूस, हत्तीवरचा राजा ही त्यांवरची नेहमीची मंडळी. ती इतकी साचेबद्ध का, हे कळायला छपाईपासूनच सुरुवात करावी लागते.

ही कार्डे बहुतेक शिळाछापाची. जर्मनीतल्या सोल्नहोफेनचा घट्ट चुनखडी दगड घासून सपाट करायचा, त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने उलटे चित्र काढायचे, मग किंचित नायट्रिक आम्ल घातलेले डिंकाचे पाणी फिरवायचे. दगड ओला केला की मोकळा भाग पाणी धरतो आणि शाई फक्त चित्रावर बसते. रंगागणिक वेगळा दगड; लीबिग या मांसअर्क कंपनीच्या कार्डांना दहा-बारा दगडही लागत. चेहऱ्याची छटा हाताने दिलेल्या बारीक टिंबांची असते. दमट हवेत कागद फुगला आणि रंग अर्धा मिलिमीटर जरी सरकला, तरी ओठांची लाली हनुवटीवर उतरते.

एवढी मेहनत एकाच गिऱ्हाइकासाठी परवडत नसे. म्हणून छापखाने चित्र तयार ठेवून थोडी जागा कोरी सोडत आणि मागणी आली की तिथे दुकानाचे नाव काळ्या शाईत छापून देत. तीच जपानी बाई एका गावात बूट विके, दुसऱ्या गावात शेगडीचे पॉलिश. कुठल्याही मालाला चालेल असे चित्र हवे, तर ठरावीक गाव किंवा ओळखू येणारा माणूस त्यात अडचणच. पंखा, छत्री, बांबू एवढ्यावर भागे. चित्रकार जुन्या छापील चित्रांवरून नकला करत, त्यामुळे चीन आणि जपान एकमेकांत सर्रास मिसळले.

काही चित्रांत मात्र हेतू उघड आहे. अमेरिकेने 1882 मध्ये चिनी मजुरांना देशात यायला बंदी घातली. त्यानंतर, 1886 च्या सुमारास, इलिनॉयमधल्या ‘मॅजिक वॉशर’ या कपडे धुण्याच्या मालाच्या जाहिरातीत अंकल सॅम, म्हणजे अमेरिकेचे प्रतीक असलेला म्हातारा, चिनी माणसांना लाथ मारून हाकलताना दाखवला. धुलाईचा धंदा तेव्हा बराचसा चिनी लोकांच्या हातात होता, म्हणून रोख त्यांच्यावर. सिंगर कंपनीची 1892 ची मालिका वरकरणी सौम्य वाटते: देशोदेशीचे लोक आपापल्या वेषात आणि त्यांच्यामध्ये शिलाई मशीन. पण इथेही ती माणसे मशीनची शोभा वाढवण्यापुरतीच आहेत, असे मला वाटते.

कार्ड हाती आले तर दहापट भिंगाखाली गाल पाहा. टिंबे वेडीवाकडी, लहानमोठी असतील तर तो शिळाछाप. ती एकसारखी, ओळीने मांडलेली असतील तर बहुधा नंतरची नक्कल. मुंबईत 1894 मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे मळवलीला गेलेल्या रविवर्मा छापखान्याच्या जुन्या लक्ष्मी-सरस्वतींच्या गालांवरही शिळाछापाची अशीच वेडीवाकडी टिंबे सापडतात. मग कार्डावरचे दुकानाचे नाव तिरप्या उजेडात न्याहाळा. अक्षरे कागदात किंचित दबलेली दिसली, तर नाव खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईने मागाहून घातले आहे आणि चित्र आधीपासून तयार होते.